बेत मुलांचा, सोबत आपली: पंधरा आणि तेरा वर्षांच्या मुलांबरोबरचं भटकंतीचं वर्ष

पायवाट (मूळ लेख)

घरात पंधरा वर्षांची मुलगी आणि तेरा वर्षांचा मुलगा आहे. लहान होती तेव्हा 'चला' म्हटलं की चपला घालून दारात उभी असायची. थोरलीला तेरावं लागलं आणि 'तुम्ही जाऊन या, मी आजीकडे थांबते' सुरू झालं. तिचं बघून धाकट्याचंही. या वयाची मुलं ज्यांच्या घरात आहेत त्यांना हे नवं नसेल.

गेल्या जानेवारीत आम्ही महिने वाटून घेतले. ज्याचा महिना, त्याने ठिकाण ठरवायचं. नुसतं नाव सांगून भागणार नव्हतं. तिथेच का जायचं, कसं जायचं, मुक्काम कुठे करायचा आणि किती वाजता परत फिरायचं, हेही त्यानेच ठरवायचं. खर्चाचा आकडा आम्ही आधी सांगणार. जिवाला धोका दिसला तर नाही म्हणण्याचा हक्क आमचा, बाकी कशात तोंड घालायचं नाही. आणि बेत फसला तर 'तरी मी म्हणत होते' हे वाक्य कोणी उच्चारायचं नाही. हा शेवटचा नियम मुलीने घातला. माझ्या मते सगळं वर्ष त्या एका नियमावर तरलं.

पहिला महिना मुलीचा. ती समुद्र म्हणेल असं आम्हाला वाटत होतं, तिने खोडद सांगितलं. नारायणगावजवळच्या या गावात जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे आणि २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनानिमित्त ती सगळ्यांना बघायला मिळते. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यातल्या १४ मध्यभागी जवळजवळ आणि १६ तीन फाट्यांवर लांब पांगलेल्या, इतक्या की टोकांमधलं अंतर २५ किलोमीटरच्या आसपास जातं. सगळ्या मिळून एकच दुर्बीण म्हणून काम करतात. तबकडी पत्र्याची नाही, तारेच्या जाळीची आहे. हे आम्हाला मुलीने जाळीखाली उभं राहून समजावलं: मीटरभर लांबीच्या रेडिओ लहरींना ती बारीक भोकं दिसतच नाहीत, जाळी त्यांच्यासाठी सलग आरसाच असतो, आणि वारा मात्र आरपार निघून जातो. त्यामुळे वजनही कमी आणि खर्चही कमी. ही दुर्बीण उभारणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची ही कल्पना तिने आधीच वाचून ठेवली होती. परिसरातल्या शाळांच्या मुलांनी तिथे आपापले प्रयोग मांडले होते, ते बघण्यात तिचा निम्मा दिवस गेला. स्वतःच्या वयाच्या मुलांना ती इतके प्रश्न विचारताना मी बऱ्याच दिवसांनी पाहिली.

दुसऱ्या दिवशी नाणेघाट. जवळच आहे म्हणून तो घेतला असेल अशी माझी समजूत होती. तिचं कारण वेगळं होतं. घाटातल्या गुहेत सातवाहनांच्या नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे. कोणत्या यज्ञात किती गाई, किती हत्ती, किती कार्षापण (तेव्हाची नाणी) दान दिले त्याची यादी त्यात आहे आणि रकमा अंकांत कोरलेल्या आहेत. आपल्या देशात दगडावर कोरलेल्या सर्वांत जुन्या अंकांत त्यांची गणना होते. मुलगी म्हणाली, 'काल आकाशातून येणारे आकडे बघितले, आज दगडातले बघू.' धाकटा मात्र घाटमाथ्यावरच्या दगडी रांजणापाशी रमला. जकातीची नाणी यात टाकत असत असं सांगतात. मोजायला माणूस कोण बसवत असतील आणि रात्री पहारा कोणाचा असेल, यावर तो परतीच्या वाटेवर वडिलांशी हुज्जत घालत राहिला.

मार्चमध्ये धाकट्याने वेळास निवडलं. मंडणगड तालुक्यातलं हे गाव ऑलिव्ह रिडले कासवांसाठी ओळखलं जातं. मादी रात्री येऊन वाळूत शंभराच्या वर अंडी घालते आणि निघून जाते. गावातले लोक ती अंडी कुंपणाच्या आत तशाच खोल खड्ड्यात पुरतात, वर टोपली ठेवतात आणि सुमारे पन्नास दिवस राखण करतात. सकाळी आणि संध्याकाळी टोपली उचलून बघायचं. पिल्लं असली तर वाळूवर सोडायची, पाण्यापर्यंतचं अंतर त्यांचं त्यांनी चालायचं. पहिल्या संध्याकाळी टोपलीखाली काहीच नव्हतं. जमलेल्या लोकांत कुजबुज सुरू झाली. धाकटा शांतपणे आम्हाला म्हणाला, 'मी मुद्दाम दोन मुक्काम ठेवलेत.' दुसऱ्या सकाळी पिल्लं निघाली. माणूस किती पुढचा विचार करू शकतो हे मला त्या दिवशी तेरा वर्षांच्या मुलाकडून कळलं. वाळू गरम असेल तर माद्या जास्त निपजतात आणि थंड असेल तर नर, हे त्याला तिथल्या कार्यकर्त्यांनी सांगितलं. शिवाय २०२२ च्या जानेवारीत याच किनाऱ्यावर 'प्रथमा' नावाच्या मादीच्या पाठीवर उपग्रहाला खुणा पाठवणारं यंत्र बसवलं होतं, तेही. घरी आल्यावर कितीतरी दिवस भिंतीवर अरबी समुद्राचा नकाशा होता.

जूनच्या सुरुवातीला भंडारदऱ्याच्या बाजूला काजवे बघितले. त्याबद्दल फार लिहीत नाही, कारण ते लिहून पोचत नाही. एवढंच सांगते की गाड्यांचे दिवे आणि मोबाइलच्या बॅटऱ्या बंद ठेवा. काजव्यांचं लुकलुकणं म्हणजे नराने मादीला घातलेली साद असते, आपल्या उजेडात ती विरून जाते.

आता जुलै. महिना धाकट्याचा, ठिकाण हरिश्चंद्रगड, वाट पाचनईची. परत फिरण्याची वेळ त्याने वहीत लिहून ठेवली होती: दुपारी १२, जिथे असू तिथून. साडेदहाच्या सुमारास वाटेवरच्या एका ओढ्यापाशी आलो. पाणी गुडघ्याच्या खाली होतं, पण गढूळ होतं आणि वरच्या अंगाला काळंकुट्ट भरलं होतं. आमच्या पुढचा एक गट हातात हात धरून पलीकडे गेला. मुलांच्या बाबांनी बूट काढायला घेतले. धाकटा म्हणाला, 'जाऊ आपण, पण तासाभराने इकडे येता येईल का?' कोणी बोलेना. तो म्हणाला, 'मग परत.' त्याच्या मनात केदारेश्वराच्या गुहेतली पाण्यात उभी असलेली पिंड होती, कोकणकडा होता, कड्यावरून ढगात गोल उमटणारं इंद्रवज्र दिसेल अशी आशा होती. वर्षभरात त्याने सगळ्यात जास्त वाचन या एका जागेवर केलं होतं. तरी 'परत' हा शब्द त्याच्याच तोंडून आला. गावात जिथे उतरलो होतो त्या घरी पोचून कपडे पिळले, तोवर पाऊस असा लागला की समोरचं घर दिसेना. यांनी त्याला जवळ घेऊन एवढंच विचारलं, 'पुन्हा कधी यायचं, ते तूच सांग.' थंडीत आम्ही त्याच वाटेने वर गेलो.

सप्टेंबरात कास, मुलीचा महिना. रंगीत गालिच्याचे फोटो सगळेच काढतात. तिला बघायच्या होत्या कीटक खाणाऱ्या वनस्पती. पठार जांभ्याचं, त्यावर माती बोटभर आणि तीही नत्राला गरीब. म्हणून सीतेची आसवं आणि दवबिंदू यांसारखी झाडं किडे पकडून आपली गरज भागवतात. त्यासाठी ती पालथी पडून भिंग लावून बसली. आजूबाजूचे लोक तिच्याकडे बघत होते आणि तिचं तिकडे लक्षही नव्हतं. शनिवार-रविवार टाळा, नोंदणी आधी करा, आखलेल्या वाटेनेच चाला.

डिसेंबरात राजापूर तालुका, कातळशिल्पं बघायला. ही निवड दोघांची मिळून. कशेळीला सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या माळावर, भलाथोरला हत्ती कोरलाय आणि त्याच्या पोटात दुसरे कितीतरी प्राणी. देवाचे गोठणे इथल्या माणसाच्या आकृतीपाशी होकायंत्र चुकीची दिशा दाखवतं, असं धाकट्याने वाचलं होतं. त्याने दोन होकायंत्रं नेली, एकावर विश्वास नको म्हणून. दोन्हींच्या सुया फिरल्या. आपण पाच पावलं सरकलो की सुई सरकते, आकृतीवर आलो की भलतीकडे वळते. हे तो वाकून कितीतरी वेळ करत राहिला, कागदावर बाण काढत. तारखा मुलीने १३ डिसेंबरच्या रात्रीला धरून ठरवल्या होत्या, कारण मिथुन राशीतला उल्कावर्षाव त्याच सुमारास भरात असतो. जेवणं झाल्यावर आम्ही यजमानांच्या खळ्यात चटया टाकल्या. बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंच्या धुळीचे असतात, हा मात्र फेथॉन नावाच्या लघुग्रहाच्या धुळीचा, ही माहिती तिने सगळ्या घराला दिली. यजमानांच्या आजी आमच्याबरोबर पहाटेपर्यंत जाग्या होत्या.

लिहायचं कारण असं की मुलं 'येत नाहीत' ही तक्रार मी इथे बऱ्याच धाग्यांवर वाचते. मला आता खात्रीने वाटतं की या वयाला सहल दाखवायची नसते, सोपवायची असते. आणि सोपवायची तर परत फिरण्याच्या निर्णयासकट. तुमच्या घरी काय चालतं ते लिहा.

निवांत

ताई, लेख एका दमात वाचला. वेळासच्या दोन मुक्कामांचं वाचून फार आनंद झाला.

एक शंका मनापासून विचारतो. मुलगी दहावीत असणार ना या वर्षी? सप्टेंबरात कास आणि डिसेंबरात कोकण? आमच्याकडे नववीचा निकाल लागला की घरातल्या पिशव्यासुद्धा माळ्यावर जातात. क्लासवाले रविवारी चाचण्या घेतात. मला भटकंती हवी आहे, पण मार्क कमी पडले तर मुलगाच उद्या विचारेल की मला का नेलंत.

पायवाट

निवांत, शंका रास्त आहे. हो, जूनपासून ती दहावीत. म्हणून जूननंतर तिच्या वाट्याचे महिने तिनेच कमी केले आणि तारखा शाळेचं वेळापत्रक समोर ठेवून निवडल्या. ऑक्टोबरात आम्ही कुठेही गेलो नाही. डिसेंबरची सहल सराव परीक्षेच्या आधी उरकली. अभ्यास किती आणि कधी हे तिचं तिला ठरवता येतं, हा विश्वास मला सहलींमुळेच आला. जी मुलगी मुक्कामाची जागा, गाडीची वेळ आणि पौर्णिमा-अमावास्या यांचा मेळ घालू शकते, ती धड्यांचाही घालते. क्लास लावलेला नाही, त्यामुळे रविवार मोकळे होते, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. प्रत्येक घराला ते जमेल असं नाही. बाकी ती स्वतःच लिहीन म्हणतेय.

पायवाट (आईच्या खात्यावरून मुलगी)

नमस्कार. आईने लिहिलंय ते खरं आहे, पण माझ्या बाजूने थोडं वेगळं आहे.

मी तेरा-चौदाव्या वर्षी येत नव्हते कारण कंटाळा यायचा असं सगळ्यांना वाटतं. तसं नव्हतं. प्रत्येक ठिकाणी मला 'बघ किती छान आहे' असं सांगितलं जायचं आणि मग मला छान वाटलं पाहिजे असं व्हायचं. छान वाटायच्या आधीच कोणीतरी विचारायचं, आवडलं का? खोडदला मला कोणी काही विचारलं नाही, कारण तिथलं मलाच माहीत होतं. बाबा मला विचारत होते.

नियमाबद्दल. काससाठी मी ठरवलेली राहायची जागा ऐनवेळी हातची गेली. मी फोन ठेवला तेव्हा मला रडू येत होतं. आई-बाबा दोघंही खोलीत होते आणि दोघंही काही बोलले नाहीत. मी अर्ध्या तासात साताऱ्यात दुसरी जागा शोधली. कोणीतरी एक जरी वाक्य बोललं असतं ना, तर मी पुढचा बेत केला नसता, हे मला नक्की माहीत आहे.

निवांतकाका, तुमच्या मुलाला विचारा की त्याला जायचंय का. कदाचित तो नाही म्हणेल आणि तेही चालेल. पण मार्कांसाठी नेलं नाही असं त्याला न विचारता ठरवू नका.

कोकणवारा

आमच्या सड्यांवर येऊन होकायंत्र घेऊन बसणाऱ्या मुलाला माझा नमस्कार सांगा. लोक बहुतेक वेळा ड्रोन घेऊन येतात.

ज्यांना हे वाचून जावंसं वाटतंय त्यांच्यासाठी कळकळीने लिहितो. शिल्पाच्या रेषांवर पाय देऊ नका. फोटोत उठून दिसावं म्हणून खडू, रांगोळी किंवा चुना भरू नका, ते जांभ्याच्या छिद्रांत बसतं आणि निघत नाही. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर या; तिरक्या उजेडात रेषांच्या सावल्या पडतात आणि सगळं आपोआप दिसतं, दुपारी बाराला हत्तीवर उभे राहिलात तरी हत्ती दिसणार नाही. गावातल्या माणसाला बरोबर घ्या. बऱ्याच ठिकाणी जमीन खासगी आहे, आणि ही शिल्पं उजेडात आली तीच गुराख्यांनी आणि शेतकऱ्यांनी 'आमच्या सड्यावर चित्रं आहेत' म्हणून दाखवल्यामुळे. २०२२ मध्ये ती जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, तेव्हापासून वर्दळ वाढली आहे. मुलांना एक काम द्या: एक आकृती बघून वहीत हाताने काढायची. मोबाइलने काढलेला फोटो आणि हाताने काढलेलं चित्र यात किती गोष्टी निसटतात त्या त्यांच्या त्यांनाच कळतात.

आणि सड्यावर अंधारात चालू नका. फुरसं हा विषारी साप; ते आमच्याकडे जागोजाग असतं, लहान असतं आणि जांभ्याच्या रंगात मिसळून जातं. बूट आणि बॅटरी पाहिजेच. चटया खळ्यात टाकल्यात हे उत्तम केलंत.

दोरखंड

मी डोंगरातल्या बचावकार्यात मदत करतो. तुमच्या धाकट्याने ओढ्यापाशी विचारलेला प्रश्न मला पाठ्यपुस्तकात छापावासा वाटतो. 'जाता येईल का' हे सगळे विचारतात, 'परत येता येईल का' हे कोणी विचारत नाही. आम्हाला ज्या हाका येतात त्यातल्या कितीतरी या दुसऱ्या प्रश्नाच्या असतात.

सह्याद्रीतल्या ओढ्याचं पाणी आपल्या डोक्यावर पडणाऱ्या पावसाने वाढत नाही, वरच्या पठारावर पडलेल्या पावसाने वाढतं. त्यामुळे आपल्याकडे ऊन असतानाही लोंढा येतो. पाणी स्वच्छ होतं आणि एकदम गढूळ झालं, काटक्या-पानं वाहून यायला लागली, आवाज बदलला, की काठ सोडून वर चढायचं. २०२४ च्या जूनअखेरीस लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली माणसं वाहून गेली, मुलंसुद्धा. पाणी वाढायला काही क्षण लागले. हात धरून साखळी केली तर सगळे सुरक्षित, हाही समज सोडा. एकाचा पाय सुटला की साखळीच जाते.

मुलांच्या हाती बेत देताना या गोष्टीही त्यांच्याच हाती द्या. कुठल्या वाटेने जातोय आणि किती वाजेपर्यंत उतरू हे गावात एका घरी आणि आपल्या घरी एका माणसाला सांगून निघणं. एक फोन बंद करून पिशवीत ठेवणं, कारण बॅटरी संपल्यावरच तो लागतो. ११२ आणि १०८ हे क्रमांक तोंडपाठ असणं. वाट चुकल्याचं कळलं की खाली नाल्यात न उतरणं. नाला कड्यावर जाऊन संपतो. पावसाळा संपल्यावर आग्या माश्यांची पोळी कड्यांवर असतात, तिथे धूर, अत्तर आणि आरडाओरडा नको. तेरा-चौदा वर्षांची मुलं हे मोठ्यांपेक्षा काटेकोरपणे पाळतात, हा माझा अनुभव आहे. गटात 'चला, काही होत नाही' म्हणणारा बहुधा चाळिशीचा असतो.

रुळावरून

सगळे डोंगरवाले दिसताय. आमच्या चौदा वर्षांच्या मुलाला चढायला अजिबात आवडत नाही. त्याला रेल्वे आवडते. दोन वर्षं आम्ही त्याला गडांवर न्यायचा प्रयत्न केला आणि मग एकदा त्याला म्हटलं, तू सांग. त्याने कोकण रेल्वे सांगितली. उतरायचं कुठे विचारलं तर म्हणाला, प्रवासच करायचाय.

रत्नागिरीच्या आधी करबुड्याचा बोगदा लागतो, साधारण साडेसहा किलोमीटरचा. मुलाने घड्याळ लावून आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंतची वेळ घेतली आणि गाडीचा वेग काढला. मग रुळालगतचे किलोमीटरचे दगड मोजून तोच वेग पुन्हा काढून ताडून पाहिला. पुढे पानवलचा पूल येतो, चौसष्ट मीटर उंच, कुतुबमिनाराच्या उंचीच्या आसपास. त्यासाठी तो दारापासून लांब, खिडकीशी, आधीपासून बसून होता. शेजारचे प्रवासी त्याच्या वहीत डोकावायला लागले आणि एक आजोबा त्याला १९९८ मध्ये पूर्ण मार्ग सुरू झाला तेव्हाच्या आठवणी सांगत राहिले. मुलगा एरवी अनोळखी माणसाशी बोलत नाही.

पुढचा बेत नेरळ-माथेरानचा आहे. १९०७ पासूनची दोन फुटी रुळांची गाडी, एवढ्या तीव्र वळणांवरून ती कशी वळते ते त्याला बघायचंय. माथेरानला मोटारी नाहीत, त्यामुळे तिथे चालावं लागणार आहे. ते त्याने स्वतःहून मान्य केलंय.

वऱ्हाडी मैना

लेख आवडला, पण सगळं घाटाकडचं आणि कोकणातलंच. आमच्याकडे या की. लोणार एकदा तरी या वयाच्या मुलांना दाखवा. दाखवा म्हणजे, ताईंच्या शब्दांत, सोपवा.

बुलढाणा जिल्ह्यात बेसाल्टच्या काळ्या खडकात उल्का आदळून झालेलं हे विवर जवळजवळ पावणेदोन किलोमीटर रुंद आहे. काठावर उभं राहून खाली बघितलं की तो आघात केवढा असेल याचा अंदाज करायला मुलं लगेच लागतात. पाणी खारट आणि अल्कधर्मी. माझ्या भाचीने शाळेच्या प्रयोगशाळेतून रंग बदलणाऱ्या पट्ट्या आणल्या होत्या. वनरक्षकदादांना विचारून त्यांच्यासमोर पट्टी बुडवली, ती दहाच्या आसपासच्या रंगावर गेली. मग विवराच्या काठाजवळच्या गोमुखाच्या धारेखाली दुसरी पट्टी धरली. तिथलं पाणी गोडं. एकाच विवरात दोन वेगळी पाणी, हे तिला कोणत्याही पुस्तकाने एवढं पटवून दिलं नसतं. २०२० च्या जूनमध्ये तळं गुलाबी झालं होतं ते मीठ आवडणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे, आणि त्याच वर्षी ते रामसर स्थळांच्या (जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या) यादीत आलं. गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ चुकवू नका, बाहेरच्या भिंतीवरचं कोरीवकाम बघायला वेळ ठेवा.

उन्हाळ्यात मात्र येऊ नका. विवरात वारा नसतो. नोव्हेंबर ते जानेवारी उत्तम.

आजीचा वाडा

मी सहासष्ट वर्षांची आहे, इथे नुसतं वाचते, आज पहिल्यांदा लिहिते. माझा नातू चौदा वर्षांचा. त्याने मला विचारलं, आजी, तू वारीत चाललीयेस, मला एक टप्पा चालायचाय, नेशील का? त्याच्या आईवडिलांना सुट्टी नव्हती. आम्ही दोघंच पुणे ते सासवड चाललो, माउलींच्या पालखीबरोबर. वारीतला हा लांबचा टप्पा, तीस किलोमीटरच्या आसपास, आणि मध्ये दिवे घाट. हडपसरला तुकोबांची पालखी लोणी काळभोरकडे वळते आणि माउलींची सासवडकडे, तिथे तो मागे वळून वळून बघत होता.

घाटात माझा दम लागला. तो म्हणाला, थांबू या. आपण थांबलो म्हणून कोणी रागावत नाही, इथे सगळे थांबतात, हे त्याने दिवसभरात बघितलं होतं. एका दिंडीतल्या माउलीने आम्हाला सावलीला बसवलं, पाणी दिलं आणि त्याच्या हातात टाळ दिले. वरच्या टोकापर्यंत ते टाळ त्याच्याकडेच होते. सासवडला सोपानदेवांच्या समाधीचं दर्शन घेऊन रात्री परत आलो. घरी आल्यावर त्याने माझे पाय चेपले आणि म्हणाला, पुढच्या वर्षी जेजुरीपर्यंत.

आईवडिलांना वेळ नसेल तर आजी-आजोबांना विचारा, एवढंच सांगायचं होतं.

पायवाट

आजी, तुमचा प्रतिसाद घरात मोठ्याने वाचला. धाकटा टाळाबद्दल दोनदा विचारून गेला. लिहीत राहा.

एकटीच पण दोघी

मी एकटी पालक, मुलगी तेरा वर्षांची, गाडी नाही आणि चालवताही येत नाही. वरची बरीच ठिकाणं आडबाजूची वाटतात. आमच्यासारख्यांनी कुठून सुरू करावं? मुलीला बेत करायला द्यायचं मनात भरलंय.

रुळावरून

एसटीने करा. 'आवडेल तेथे प्रवास' नावाचा पास मिळतो, चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा, राज्यभर कुठेही फिरा. आगारात चौकशी केलीत तर कोणत्या गाड्यांना चालतो ते सांगतील. मुलीच्या हाती पास आणि नकाशा द्या आणि तिला मार्ग आखू द्या. शिवाय २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे छोट्या सहलीला पास न काढताही स्वस्त पडेल, दोन्ही हिशेब तिलाच करायला सांगा. जुन्नर चांगलं आहे पहिल्यांदा: एसटी स्थानक गावात आहे, शिवनेरी चालत जाण्याच्या अंतरावर आहे, मुक्कामाला जागा मिळते.

वऱ्हाडी मैना

छत्रपती संभाजीनगरला उतरून वेरूळ आणि अजिंठा दोन्ही एसटीने होतात. मुलगी बेत करणार असेल तर एक गोष्ट तिची तिला शोधू द्या आणि फक्त निघण्याआधी तपासा: वेरूळ मंगळवारी बंद असतं आणि अजिंठा सोमवारी. कैलास लेणं वरून खाली कोरत आणलंय. म्हणून आधी बाजूच्या टेकडीवर चढून कळस वरून बघा, मग खाली अंगणात उतरा. ज्या क्रमाने पाथरवटांनी काम केलं त्याच क्रमाने बघायचं.

एकटीच पण दोघी

दोघांचे आभार. आत्ताच मुलीला विचारलं. ती म्हणाली जुन्नर नको, कासवं. वेळासला एसटीने जाता येतं का, आणि नेमकं कधी गेलं तर पिल्लं नक्की दिसतील?

पायवाट

नक्की असं कोणीच सांगू शकत नाही, आणि ते मुलीला आधीच माहीत असू द्या. फेब्रुवारीअखेर ते एप्रिलची सुरुवात हा बरा काळ. दरवर्षी घरटी किती मिळाली आणि कोणत्या तारखांना सापडली यावर पुढचं अवलंबून असतं. अंडी सापडल्याच्या तारखेत पन्नास दिवस मिळवले की अंदाज येतो, हा हिशेब आमच्या मुलाने वेळासला फोन करून केला होता. तुमच्या मुलीलाही तोच फोन करायला सांगा, तिथली माणसं मुलांशी छान बोलतात. दोन मुक्काम ठेवा, म्हणजे टोपली उचलण्याच्या तीन-चार वेळा मिळतात.

एसटीने आधी मंडणगड गाठायचं, तिथून वेळासकडे जाणाऱ्या गाड्या मोजक्याच असतात, म्हणून वेळा आगारातून विचारून घ्या आणि संध्याकाळच्या आत पोचाल असं बघा. राहणं गावातल्या घरांतच, जेवणही तिथेच. किनाऱ्यावर फ्लॅश आणि बॅटरी चालत नाही. पिल्लांना हात लावायचा नाही, दोरीच्या मागे उभं राहायचं. भिजले तरी चालतील असे कपडे आणि वाळूत चालता येतील अशा चपला घ्या. बाणकोटचा किल्ला जवळ आहे, पिल्लांच्या दोन वेळांच्या मधली दुपार तिथे छान जाते. बाकीचं मुलीला धाकट्याशी बोलायचं असेल तर मला निरोप पाठवा, तो आनंदाने सांगेल. त्याची वही अजून त्याच्याकडे आहे.